हललेले तारे

धाकट्याने गच्चीवर वेधशाळा बांधली तेव्हा घरातल्या कुणी त्याला वेड्यात काढलं नाही, कारण ते काम फार पूर्वीच उरकलं होतं. वेधशाळा हा शब्दही त्याचा एकट्याचा. बायको तिला खोपटं म्हणायची आणि आतल्या दुर्बिणीला सवत. फळ्यांच्या चार भिंती, वर रुळांवरून मागे सरकणारं पत्र्याचं छप्पर, मध्ये काँक्रीट भरलेला जाडजूड लोखंडी खांब, आणि खांबावर बादलीएवढ्या तोंडाची दुर्बीण. पुस्तकांत लिहिलं होतं की हा खांब घराला चिकटलेला नसावा, थेट जमिनीतून वर यावा, म्हणजे घरातले हादरे त्याला पोचत नाहीत. पण गच्चीवर जमीन आणायची कुठून? त्याने खांब सरळ स्लॅबवर बसवला, बोल्ट पिळले आणि म्हणाला, "एवढ्याने काही होत नाही." जगातली निम्मी दुखणी या एका वाक्यापासून सुरू होतात.

खांबाच्या बरोबर खाली जी खोली होती तिथे तेव्हा जुन्या गाद्या, शिवणयंत्र आणि मोडका टेबलफॅन नांदत होते. आता तिथे आई होती.

आई बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके निघाले. तिची जुनी खोली घराच्या पार टोकाला होती म्हणून गाद्या हलवून तिला बाथरूमसमोरच्या या खोलीत आणलं. रात्रीपुरती पलंगाला लागूनच कमोडची खुर्ची ठेवली होती, म्हणजे अंधारात उठून चालायचा प्रश्न नको. दिवसा व्यायाम करून घेणाऱ्या बाई यायच्या, आईच्या हातात वॉकर द्यायच्या आणि म्हणायच्या, "चला आजी, आज दारापर्यंत."

आई दारापर्यंत जायची नाही. तिच्या एका अंगाला बाई, दुसऱ्या अंगाला सून, समोर कामावर जायला निघालेला धाकटा, सगळे हात पुढे करून उभे. आई एक पाऊल टाकायची, सगळ्यांच्या तोंडांकडे बघायची, आणि तिचा पाय जागच्या जागी थिजायचा.

"भीती गेली पाहिजे," बाई म्हणायच्या.

"भीती कुठली? लाज वाटते," आई म्हणायची. पण ते कुणी मनावर घेत नव्हतं. आजारी माणसाचं बोलणं सगळे ऐकतात आणि कुणी ऐकत नाही.

यात ताई पडली. ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. घरात भावंडं दोनच, त्यामुळे पन्नाशी दाराशी आली तरी हा धाकटाच राहिला होता. ताई दोन तासांच्या अंतरावर राहायची, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच खरी अडचण होती. ती म्हणाली, "तू सकाळी प्रेसवर जातोस, वहिनी लॅबमध्ये जाते. कामवाली दुपारी निघून जाते. मधल्या वेळात आई पुन्हा पडली तर? माझ्याकडे मी दिवसभर घरात असते." मग तिने निकाल देऊन टाकला. महिनाअखेरीच्या रविवारी ती येणार. व्यायामाच्या बाईंसमोर आईने कुणाचा हात न धरता पलंगापासून बाथरूमपर्यंत जाऊन परत यायचं. जमलं तर आई इथेच. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या गाडीत, कायमची.

आईला जायचं नव्हतं. "मुलगी माझी गुणाची आहे," ती सुनेला म्हणाली, "पण तिच्या मायेला खिडकी नाही गं. मला पाणीसुद्धा ती घोट मोजून पाजेल." धाकट्यालाही आईने जायला नको होतं. जन्मापासून तो या घरात होता आणि घरात शिरलं की आधी आईचा आवाज यायचा, मग चपला निघायच्या. तो आवाज नसलेलं घर त्याच्या डोळ्यांसमोर आलं की त्याला घास उतरत नसे. पण हे बोलून दाखवणाऱ्यांपैकी तो नव्हता. घरात काही जड झालं की तो गच्चीवर जायचा.

गच्चीवर त्या महिन्यात त्याचं एक मोठं काम चालू होतं. एक सर्पिल दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण इतकी दूर की तिथून निघालेला उजेड इथे पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात. डोळ्याला ती दिसतच नाही, दुर्बिणीतूनसुद्धा काचेवर फुंकर मारल्यासारखा एक डाग. तिच्या भुजा बघायच्या तर कॅमेरा कित्येक मिनिटं उघडा ठेवून फोटो घ्यायचे, असे रात्रीमागून रात्री शेकडो, आणि ते एकावर एक रचायचे. त्यासाठी चंद्र नको, ढग नको, वारा नको. पृथ्वी फिरते तशी दुर्बीणही तिच्याबरोबर अलगद फिरावी लागते, म्हणून एक छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर डोळा लावून बसतो आणि तारा जरा सरकला की यंत्राला सांगतो. त्या ताऱ्याची सगळी हालचाल कॉम्प्युटरवर रेघ होऊन उमटत राहते. सगळं लावून दिलं की माणसाने खाली येऊन झोपावं. धाकटा तेच करायचा, कारण सकाळी प्रेसवर उभं राहायचं असे.

दीर्घिकेचा दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो त्याने आईला मोबाइलवर दाखवला होता. आईने चष्मा लावून बघितलं. "हे तर बेसिनमधलं पाणी जाताना फिरतं तसंच की," ती म्हणाली. "आणि उजेड तिथून एवढी वर्षं चालत येतो? दमत नाही?"

"त्याला पाय नाहीत गं, आई."

"म्हणूनच पोचला," आई म्हणाली.

पहिल्या काही रात्रींचे फोटो त्याने सकाळी उघडले आणि त्याचं तोंड उतरलं. निम्मे बरे होते. उरलेल्या निम्म्यांत प्रत्येक तारा दुहेरी. ठिपक्याला ठिपका चिकटलेला. प्रेसमध्ये चार रंगांची प्लेट केसभर सरकली की चेहऱ्याला दोन नाकं येतात, अगदी तसं. तो प्रेसवर मोठ्या मशीनचा फोरमन होता, अशा सरकलेल्या छपाईवर लोकांना झापण्यात त्याची हयात गेली होती. आता झापायचं कुणाला?

त्याने पट्टे तपासले, दात्यांना वंगण दिलं, केबली बांधल्या, वजनं पुन्हा तोलली. फळ्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वारा आत येऊ नये म्हणून. साप समजून भुई धोपटण्याचं काम त्याने मनापासून केलं. एका रात्री तो स्वतः जागत बसला, खुर्ची टाकून, डोळे रेघेवर लावून. त्या रात्री रेघ सरळ, तारा जागचा हलला नाही. पुढच्या रात्री तो झोपला आणि पुन्हा दुहेरी तारे.

"तुमची बाई लाजते," बायको म्हणाली. "तुम्ही टक लावून बसलात की शहाण्यासारखी वागते."

त्याला हसू आलं नाही. पण प्रेसवर त्याच दिवशी कागदाची रिळं उतरवणारा ट्रक मागच्या भिंतीला लागला, मशीनखालची फरशी थरथरली आणि छपाईत रंग सरकला. धाकटा मशीन थांबवून फरशीकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी काळोख पडताच त्याने दुर्बीण एका ताऱ्यावर लावली आणि गच्चीच्या जिन्यातून खाली ओरडला, "अगं, पॅसेजमध्ये एक उडी मार!"

"काय मार?"

"उडी! दोन्ही पायांवर!"

"दिवसभर लोकांचं रक्त काढून आले आहे मी. आता उड्या मारू?" बायको म्हणाली, पण मारली. वर रेघ टुणकन उसळली. "आणखी एक!" पुन्हा उसळली. धाकटा आनंदाने जिना उतरून आला. दुखणं सापडलं होतं. पुस्तकाने सांगितलेलं, आणि त्याने एवढ्याने काही होत नाही म्हणून टोलवलेलं.

"म्हणजे काखेत कळसा," बायको धापा टाकत म्हणाली. "आणि गावाला वळसा घालून मलाच दमवलंत."

जेवताना त्याने फर्मान काढलं. दुर्बीण चालू झाली की घरात कुणी चालायचं नाही. पाणी आधीच उशाशी घेऊन ठेवायचं. एक पाऊल पडलं की तारा हलतो, तारा हलला की फोटो वाया. बायको म्हणाली, ती रात्रीतून फार तर एकदा उठते. तो म्हणाला, एकदाही नको, आणि तुझं एकदा म्हणजे किती ते मला माहीत आहे. थट्टा झाली, वाद झाला, पुन्हा थट्टा झाली. आईचं ताट तिच्या पलंगावर होतं, खोलीचं दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू येत होतं.

"छोट्या," आतून आईने विचारलं, "हे फार महत्त्वाचं आहे का रे?"

"यंदाची शेवटची संधी आहे, आई. चंद्र परत यायच्या आत झालं तर झालं. मग दीर्घिका लवकर मावळायला लागते, थेट पुढच्या वर्षी."

आईने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "बरं."

तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्या नाही आलं. त्याने बायकोवर संशय घेतला, शेजारच्या पंपावर घेतला, नळाच्या पाइपांवर घेतला, पण खांबाच्या बरोबर खाली झोपणाऱ्या माणसाचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. आई चालू शकत नाही हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की ती चालते आहे हे त्याला रेघेने ओरडून सांगितलं तरी कळलं नसतं. आणि तो वाईट मुलगा नव्हता हो. रोज प्रेसवरून आल्यावर आईचे पाय चेपून द्यायचा.

त्या रात्रीपासून तारे ठाकठीक यायला लागले. सुंठीवाचून खोकला गेला. रोज सकाळी तो फोटो उघडायचा, सगळे टाचणीच्या टोकासारखे गोल ठिपके. एकावर एक रचत गेला तशी काळोखातून दीर्घिका वर यायला लागली. आधी मधला पिवळट गाभा, मग एक भुजा, मग दुसरी, त्यांच्यात काळपट धुळीच्या रेषा, कडेला निळसर ठिपके. शेवटच्या दिवशी त्याने बायकोला हाक मारली, आणि सवत म्हणणारी ती बाईसुद्धा खुर्चीच्या पाठीला धरून बराच वेळ बघत राहिली. "देखणी आहे मेली," ती म्हणाली.

खाली मात्र काहीतरी बिघडत होतं. व्यायामाच्या बाई एका सकाळी म्हणाल्या, "आजी, मध्यंतरी पाय चांगला सुटला होता तुमचा. मी मनात म्हटलंसुद्धा, पोरगी छुपी रुस्तम आहे. आता पुन्हा आखडलाय. काही झालं का?"

"वय झालं," आई म्हणाली.

रविवारी ताई आली. तिने दारातच सगळ्यांना जवळ घेतलं, आईचे केस विंचरले, औषधांच्या गोळ्या डबीत लावून दिल्या. मग बाई आल्या आणि सगळे पॅसेजमध्ये उभे राहिले. आई उठली. वॉकर पुढे सरकवला, पाय टाकला. पुन्हा वॉकर, पुन्हा पाय. खोलीच्या दारापर्यंत आली. तिथे तिने चौकट धरली, समोरच्या सगळ्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "खुर्ची द्या गं कुणीतरी."

ताईचे डोळे भरले. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. "आई, मी तुला नीट ठेवीन," ती म्हणाली.

"ठेवशीलच," आई म्हणाली. आणि तिने आपल्या साड्या कुठल्या घ्यायच्या ते सांगायला सुरुवात केली.

धाकट्याला काय करावं सुचेना. आईला बरं वाटावं म्हणून त्याने प्रेसवर मोठ्या कागदावर काढून आणलेला दीर्घिकेचा फोटो तिच्यासमोर धरला. आईने तो मांडीवर घेतला, हाताने सपाट केला. "छान आलाय," ती म्हणाली. "एकही तारा हललेला नाही ना?"

"एकही नाही."

"मग झालं," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका समाधानी होता की त्याला तो बघवेना. घरातून चाललेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

तो वर गेला. खोपट्यात बसून काहीतरी हाताला काम हवं म्हणून जुने बिघडलेले फोटो पुसून टाकायला लागला. पुसता पुसता त्या रात्रींच्या रेघा उघडल्या. आजवर त्याने रेघ कुठे बिघडली एवढंच बघितलं होतं. रेघ काय सांगते ते बघितलं नव्हतं. पहिल्या रात्री थोडेच धक्के. एक मोठा, मग एक बारीक, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक मोठा, एक बारीक. दुसऱ्या रात्री तसेच, पण जास्त. पुढे पुढे मधली विश्रांती कमी होत गेली होती. मोठा, बारीक, मोठा, बारीक. आज सकाळी पॅसेजमध्ये उभं राहून हाच ताल त्याने ऐकला होता. आधी वॉकर टेकतो, मग पाय.

तो जागत बसला त्या रात्री तेवढी रेघ सरळ होती. वर त्याची खुर्ची करकरत असणार, आणि खाली कुणीतरी ती ऐकत पडलेलं असणार. शेवटच्या बिघडलेल्या रात्री धक्क्यांची रांग थेट लांबपर्यंत गेली होती, थांबली होती, आणि तेवढीच परत आली होती. बाथरूमपर्यंत. आणि बाथरूमपासून पलंगापर्यंत. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने जेवताना फर्मान काढलं होतं.

धाकटा तिथेच रडला. पन्नाशीचा माणूस, फळ्यांच्या खोपट्यात, मांडीवर कीबोर्ड घेऊन. त्याला स्वतःची इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती.

खाली ताई आईची बॅग भरत होती. तो आईच्या पलंगावर जाऊन बसला. "तू रात्री चालायचीस," तो म्हणाला.

ताईच्या हातातली साडी तशीच राहिली. आईने आधी भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. चोरी पकडल्यासारखी ती ओशाळली.

"दिवसा सगळे झेलायला उभे असता," ती म्हणाली. "लहान पोराला झेलतात तसे. मग वाटतं, आता पडलंच पाहिजे. रात्री कुणी नसतं. रात्री माझे पाय माझे असतात. जाऊन आले होते रे एकदा, तिथपर्यंत. म्हटलं, रविवारी सगळ्यांची तोंडं बघीन."

"मग थांबलीस कशाला?"

"तूच सांगितलंस ना, कुणी चालायचं नाही."

"अगं, ते तुला थोडंच होतं!"

"घरातल्या सगळ्यांना सांगितलंस," आई म्हणाली. "मी घरातलीच ना?"

धाकट्याने मान खाली घातली. ताई साडीची घडी मोडत होती, घालत होती.

मग तिने शहाण्यासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली, कारण ती ताई होती. आई चालली हे कुणी बघितलं? कुणी नाही. मग कशावरून? धाकट्याने तिला हात धरून गच्चीवर नेलं आणि रेघा दाखवल्या. ताई खोपट्यात वाकून उभी राहिली, कॉम्प्युटरला नाक लावून.

"आई बाथरूमपर्यंत जाऊन आली, हे तू मला ताऱ्यावरून सांगतोस?"

"हो."

"हे मी घरी सांगितलं तर आईबरोबर मलाही तपासायला नेतील," ताई म्हणाली. पण ती तिथून हलली नाही. तिने पहिली रात्र बघितली, शेवटची बघितली, पुन्हा पहिली बघितली. "ही थांबलीये ते कुठे?" तिने एका सपाट जागेवर बोट ठेवलं. "उंबरा," तो म्हणाला. "जिथे पडली होती तिथे." ताई त्या सपाट जागेकडे बघत राहिली. तिथून पुढे रेघ पुन्हा उसळली होती.

खाली येऊन तिने भरलेली बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात ठेवल्या. "पंधरा दिवस," ती म्हणाली. "मी इथेच राहते. पण आई, कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच. रात्रीबेरात्री तुला एकटीला..."

"कुणी बघायचं नाही," आई म्हणाली. "मला चालायचंय तर एकटीने. जेवणं झाली की तुम्ही सगळे जागेवर. आवाज आला तरी यायचं नाही."

"आणि पडलीस तर?"

"हाक मारीन. तोंडाला काही झालेलं नाही माझ्या."

शेवटी तोडगा निघाला तो असा: सून आपल्या खोलीत दार लावून बसेल आणि भावंडं गच्चीवर जातील. दुर्बीण दीर्घिकेकडेच लावलेली असेल, पण फोटो नाही घ्यायचे. फक्त छोटा कॅमेरा चालू. आईने हे नीट समजावून घेतलं. "म्हणजे तुम्हाला मी दिसणार नाही?"

"नाही. फक्त धक्का."

"मग चालेल," आई म्हणाली. "धक्क्याला माझं तोंड दिसत नाही."

पहिल्या संध्याकाळी धक्के मोजकेच आले आणि थांबले. ताईने शालीचं टोक दाताखाली धरलं होतं. पाय आखडला होता तो काही रुसवा नव्हता की समजूत काढली आणि गेला. पुढे दोन दिवस तर रेघ जवळपास सपाटच. धाकटा प्रेसवर मशीनपाशी उभा राहायचा आणि लोकांनी विचारलेलं त्याला ऐकू जायचं नाही. तिसऱ्या दिवशी धक्के दारापर्यंत गेले. मग दोन दिवस ढग आले, तारा नव्हता. भावंडं खोपट्यात आंधळ्यासारखी बसून राहिली आणि आई खाली काय करते आहे ते त्यांना काही कळलं नाही. ताईने तेवढ्यात त्याला विचारलं, "आपण लहान असताना आई आपल्यावर असंच लक्ष ठेवायची का रे?" तो म्हणाला, "आपल्याला कुठे रेघ होती. ती आवाजावरून ओळखायची." आणि दोघंही खाली आवाज येतो का ते ऐकत राहिली.

आभाळ मोकळं झालं त्या संध्याकाळी तारा सापडायला वेळ लागला नाही. धाकट्याने रेघ चालू केली. बराच वेळ काहीच नाही. मग मोठा, बारीक. मोठा, बारीक. ताई मनात मोजत होती, ओठ हलत होते. दार आलं. दार गेलं. पॅसेज. मग सपाट. "उंबरा," ताई पुटपुटली. सपाट रेघ तशीच लांबत गेली. ताई उठली, त्याने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "हाक नाही मारली तिने," तो म्हणाला. तेवढ्यात रेघ इतकी उसळली की तारा चौकटीतूनच गेला आणि यंत्राने टूं टूं करून तारा हरवल्याचं सांगितलं. पाठोपाठ स्लॅबमधून त्यांच्या तळपायांना तो आवाज आला. लोखंड फरशीवर आपटल्याचा.

मग ठरलेलं सगळं राहिलं बाजूला. जिन्याचं दार दमटपणाने अडकून बसलं होतं, ते ओढून उघडेपर्यंत बराच वेळ गेला. मग दोघं जिना उतरली ती पायऱ्या न बघता. आईच्या खोलीत दिवा होता, पलंग रिकामा. पॅसेजमध्ये बाथरूमच्या उंबऱ्यापाशी वॉकर आडवा पडलेला. बाथरूममध्ये कुणी नाही.

"काय आहे?" आईचा आवाज आला, पण पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात पाण्याचा पेला. पेला अर्धा रिकामा होता आणि थोडं पाणी तिच्या पदरावर सांडलं होतं.

"ते मेलं मध्ये मध्ये येत होतं," ती वॉकरकडे मान करून म्हणाली. "दिलं ढकलून. आणि ठरलं होतं ना, आवाज आला तरी यायचं नाही?"

बायकोही दार उघडून बाहेर आली होती. तिने आईच्या हातातला पेला तेवढा घेतला आणि मागे सरली. ताईचे दोन्ही हात पुढे झाले होते, झेलायला. धाकट्याचेही. आईने त्या चार हातांकडे बघितलं. नुसती थांबून राहिली. ताईने हात मागे घेतले आणि पाठीशी एकात एक गच्च धरले. मग धाकट्यानेही.

"बाजूला व्हा आता," आई म्हणाली. "वाट अडवलीत तर मी जाऊ कशी?"

दोघं भावंडं दोन भिंतींना चिकटून उभी राहिली, आणि आई त्यांच्या मधून, कुणाला न धरता, आपल्या खोलीत गेली.